मावशींच्या जागी कोण?

आठवडाभर मावशी इस्त्रीचं दुकान चालवत आणि रविवारी सॉफ्टबॉलच्या मैदानावर अंपायर म्हणून उभ्या राहत. सहा दिवस लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढायच्या आणि सातव्या दिवशी त्याच लोकांच्या शिव्या खायच्या! हौशी संघ ढीगभर, पण शिकलेल्या अंपायर त्या एकट्याच. आता गुडघ्याने दगा दिला होता. बदली मिळाली नाही तर सामने बंद, असं संघटनेने बजावलं होतं. मावशींचा सगळा जीव त्या मैदानात.

त्यांनी अंपायरिंगची शिकवणी सुरू केली. दोघं आले आणि पहिल्याच सामन्यात लोकांची मुक्ताफळं ऐकून दोघांनीही काढता पाय घेतला. त्यात सगळ्यात मोठा गळा बेकरीवाल्याचा. पुतण्या खेळायचा, म्हणून स्वारी दर रविवारी हजर. बाकावर बसून याला अंपायरपेक्षा जास्त दिसे.

"एवढं दिसतं, तर ये की आत!" मावशींनी सगळ्यांदेखत म्हटलं. लोक हसले. आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार. बिचारा दुकानात येऊन कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये हातवारे शिकू लागला.

त्याच्या पहिल्याच सामन्यात, शेवटच्या धावेसाठी पुतण्या घसरत होम प्लेटवर आला; तिला पाय लागला की धाव पुरी. तिथे उभ्या कॅचरने त्याला बाद करायला चेंडू लावला.

"आउट!" बेकरीवाला ओरडला.

"काका, डोळे भट्टीत ठेवून आलात का?" पुतण्याच उसळला.

मग काय, जो तो तोंडसुख घेऊ लागला. बेकरीवाला लालबुंद झाला, पण निकाल बदलला नाही.

सामना संपल्यावर तो मावशींच्या खुर्चीपाशी आला. "मावशी, खरं सांगा. पोरगा सेफ होता ना?"

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर हाही पळणार. पण सोयीचा निकाल मावशींनी जन्मात कधी दिला नव्हता.

"होता. तू कॅचरच्या पाठीमागे उभा राहिलास. तिथून त्याची पाठ दिसते, प्लेटला लागलेला पाय नाही दिसत."

तो मटकन खाली बसला. संपलं सगळं, मावशींना वाटलं, आणि त्यांना रडूच यायला लागलं.

"मग उभं कुठे राहायचं?" त्याने विचारलं.

मावशी त्याच्या खांद्यावर हात टेकून दुखऱ्या गुडघ्यासकट उठल्या आणि होम प्लेटकडे निघाल्या.