आई बुदैयाच्या बांधावरून चालते

बहरीनमध्ये रस्त्याने चालणारं माणूस दिसलं की लोकांना वाटतं, एकतर याची गाडी बिघडलीय, नाहीतर डोकं. माझ्या आईला बघून काय वाटत असेल ते देव जाणे. साडी, खाली माझे चालायचे बूट, हात पाठीमागे बांधलेले, आणि वेग असा की मी तिच्यामागे धापा टाकत.

आम्ही बुदैया रस्त्याच्या आतल्या बाजूला एका गावात राहतो. ऑफिसातले, रिफासारख्या शहरी भागात राहणारे लोक मला 'खेडवळ' म्हणून चिडवतात. चिडवू देत. त्यांच्याकडे बंगल्याच्या फाटकातून निघायचं ते थेट मॉलच्या पार्किंगमध्ये उतरायचं. आमच्या बिल्डिंगमागची गल्ली ओलांडली की खजुराच्या बागा सुरू होतात. जुन्या वाकड्या भिंती, त्यांवरून बाहेर डोकावणारी लिंबं, बकऱ्या, आणि मधूनच कोंबडा आरवतो. सहा वर्षं इथं राहून मी त्या गल्लीत शिरले नव्हते, हे ऐकून आई म्हणाली, "काय बाई तरी! आंधळी हायस का काय?"

आई आली होती तीन महिन्यांसाठी. निदान तिच्या मते. माझ्या मनात तिला कायमचंच ठेवून घ्यायचं होतं. बाबा गेल्यापासून ती साताऱ्याकडच्या आमच्या गावी एकटी राहते. गेल्या दिवाळीनंतर ती परसात घसरून पडली आणि पडूनच राहिली. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या माणसाने पाहिलं आणि मला फोन केला. मी एकुलती एक. असा फोन मला पुन्हा नको होता.

पण आई वस्ताद! विमानतळावर गळ्यात पडायच्या आधी तिने विचारलं, "परतीचं तिकीट काढलंयस न्हवं?" दर चार दिवसांनी तोच प्रश्न. "तुझ्या सातव्या मजल्यावर मी कुंडीतल्या झाडागत बसायची न्हाई," असंही वर. तेव्हा मी ठरवलं, हिला चालवायचं. हिच्या पायांना वाट मिळाली तर ही राहील.

पहिल्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी निघालो. आमच्या गावाकडे वाटेत भेटेल त्याला 'कुठं निघालासा?' असं विचारायची रीत. उत्तर ऐकायचंच असतं असं नाही, पण विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आईने ते इथंही सुरू केलं. सायकलवरचा बांगलादेशी माळी, कचऱ्याच्या गाडीवरचे दोघे, दारात बसलेल्या अरब म्हाताऱ्या, सगळ्यांना अस्सल मराठीत, "काय, कुठं निघालासा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गंमत म्हणजे सगळ्यांनी उत्तर दिलं! आपापल्या भाषेत, हसून, हात छातीला लावून. मी लिफ्टमध्ये वर्षानुवर्षं गुड मॉर्निंग घालतेय, कोण मान वर करील तर शपथ.

खरी पंचाईत गाड्यांनी केली. म्हातारं माणूस पायी जाताना दिसलं की इथल्या माणसाला गाडी थांबवल्याशिवाय राहवत नाही. आणि आपणहून थांबलेल्या माणसाला नको म्हणायचं नाही, हा आईचा कायदा. "त्यानं एवढी गाडी थांबवली, आन् आपण नको म्हणायचं? हे काय माणूसपण झालं?" असं म्हणत ती चक्क आत जाऊन बसली. त्या भल्या माणसाने घर कुठं ते विचारून आम्हाला आमच्याच बिल्डिंगखाली आणून सोडलं. पुन्हा निघालो. दुसऱ्याने पुन्हा आणून सोडलं. मी फिरायला नेतेय आणि अख्खं गाव आम्हाला घरी पोचवतंय! मी रस्त्यातच भांडायला लागले. "आई, आता कुणी थांबलं तर तू बसायचं नाहीस, सांगून ठेवते."

तेवढ्यात तिसरा थांबलाच. जुनी पांढरी पिकअप, मागे हिरव्या गवताच्या पेंढ्या, आत पांढऱ्या दाढीचे आजोबा. सगळा गाव त्यांना हाजी म्हणतो, हे मला नंतर कळलं. इथल्या जुन्या लोकांना येते तशी त्यांना मोडकीतोडकी हिंदी येत होती.

"किधर जाता, माँ?"

"कुठंच न्हाई, पाव्हणं," आई म्हणाली. मी हिंदीत सांगितलं, कहीं नहीं, बस चल रहे हैं.

हाजींनी आतून दार उघडलं. "कहीं नहीं जाता, तो मेरा बाग में आओ."

दोघीही बसलो.

ती बाग मी जन्मात विसरणार नाही. वर खजुरांची सावली, त्याखाली लिंबं आणि बोरीची झाडं, आणि त्यांच्या पायाशी हिरवेगार वाफे. बाहेर वाळवंटाचं ऊन, आत ओल्या मातीचा वास. आई वाफ्यात वाकली, एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि ओरडली, "अगं, लसूणघास! ह्यो तर आपला लसूणघास!" पाटातून पाणी वाहत होतं आणि एक वाफा भरून बांधावरून सांडायला आला होता. आईने कुणाला न विचारता खोरं उचललं, माती ओढून एक दार बंद केलं, पुढच्या वाफ्याचं उघडलं. दारं धरायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. हाजींची बायको, हाजिया, अंगभर काळा झगा, अबाया, गुडघ्यापर्यंत खोचून पलीकडे उभी होती. ती एवढी खदखदून हसली की तिला खालीच बसावं लागलं.

त्या नवराबायकोचं मला फार फार कौतुक वाटतं. विहिरीचं पाणी दर वर्षी थोडं आणखी खारट होतं. मुलं ऑफिसांत. दोन्ही बाजूंच्या बागा जाऊन तिथं बंगले उठलेत. हे दोघं मात्र पहाटे उठून पाणी सोडतात आणि येईल त्याच्या ओंजळीत बोरं घालतात.

मग शुक्रवार कुठला नि काय! मी ऑफिसला निघाले की आईही निघायची. हाजी रस्त्यात गाठायचेच, ती बसायचीच. बागेत गेल्यावर मात्र ती पोटभर चालायची, या बांधावरून त्या बांधावर. हाजिया अरबीत बोलायची, आई मराठीत, आणि दोघींचं दुपारपर्यंत संपायचं नाही. घरी माझ्या नवऱ्याला आई आता "यल्ला, जेवायला चला" म्हणायची. मला वाटलं, जिंकले!

तर एका रात्री जेवताना तिचं पुन्हा, "तिकीट कुठल्या वारचं हाय गं?"

मी ताट ढकललं. "जा, जा! मला काय! पड तिथं पुन्हा." आई शांतपणे भात कालवत होती.

तिच्या जाण्याला आठवडा उरला असताना ऑफिसात हाजींचा फोन आला. "माँ गिर गया."

गाडी कशी चालवली मला माहीत नाही. बागेत धावत शिरले तर आई बोरीखाली खाटेवर, पाय उशीवर. हाजींच्या मुलाने डॉक्टरकडे नेऊन आणलंसुद्धा होतं. हाड शाबूत, घोटा मुरगळलेला. हाजिया बर्फ धरून बसली होती, दोन माळी चहा घेऊन उभे. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंडाचा पट्टा सुटला.

"ओल्या बांधावरून पळायचं वय आहे का तुझं? पुढच्या आठवड्यात गावी जाऊन अशीच पडलीस, तर कोण आहे तिथं? सांग ना, कोण आहे?"

आईने हाजियाचा हात घट्ट धरला होता.

"कोण न्हाई," ती म्हणाली. "त्या दिवशी मी लई हाका मारल्या गं. तुला सांगितलं न्हवतं. शेजारची घरं बंद, सगळी पुण्याला. घसा बसला माझा. मग गप पडून ऱ्हायले. इथं आज 'आई गं' म्हनस्तोवर चार माणसं धावली."

"मग जातेस कशाला?"

"तुला ओझं नको म्हणून चालले होते." आणि मग, माझ्याकडे न बघता, अगदी हळू, "मला न्हाई जायचं परत. भ्या वाटतं मला तिथं."

बाबा गेले तेव्हाही माझ्या आईने असा शब्द काढला नव्हता. मी तिच्या खाटेशी चिखलातच बसले, तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि चार परक्या माणसांदेखत हमसून हमसून रडले.