चाळीस धडे, एक साचा

"सर, हरेक पानावर तेच काऊन लिहून राह्यले?"

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आदिलाबादच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी वनस्पतिशास्त्राच्या धड्यांची वेबपानं बनवत होतो. कापूसवेचणीत माझ्या विद्यार्थिनींचे वर्ग बुडत. परतल्यावर त्यांना कॉलेजच्या कॉम्प्युटरवर धडे वाचता यावेत, एवढीच इच्छा. पण प्रत्येक पानाची मांडणी तीच, आणि त्यातली एक चूक चाळीस पानांवर दुरुस्त करताना मी थकलो होतो.

विचारणारी बाई शेजारी बसली होती. मी तिला मुलींच्या बुडणाऱ्या वर्गांचं सांगितलं. टाइप करण्याआधी ती डोळे मिटून बोटं हवेत हलवायची, पेटी वाजवल्यासारखी. तिनं छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला.

"धडे साध्या फायलीत ठेवा. साचा एकच. पानं हा प्रोग्रॅम बनवते."

बटण दाबताच चाळीस पानं तयार झाली. मी स्वप्नात असल्यासारखा बघत राहिलो.

"कुठं शिकलात?"

"वेचणीत मीबी वावरातच राहो, सर. शाळेत गेली का धडा पुढं गेलेला राहे. माह्यासाठी कोनी थांबे नाही. मंग एकटीच शिकत गेली."

वांकिडीची बस धरायला ती निघून गेली. नाव विचारायचं राहिलंच.

वेचणी संपली, मुली परतल्या. पहिलीनं पडद्यावर बोट ठेवून सावकाश वाचायला घेतलं. घंटा झाली, तरी तिचं होईपर्यंत मी दाराशी उभा राहिलो.