डिझेलच्या गाडीत बसणार नाय!

रिटायर झाल्यावर माणसाच्या आयुष्यात नवं काही घडत नाही, तरी किस्से वाढतच जातात. कसे, ते मला विचारू नका. मी आता थकलोय. महाडच्या एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही तिघं बसतो, तेच तेच बोलतो, आणि त्यातच कधीतरी एखादा नवा किस्सा येऊन चिकटतो.

तिघं म्हणजे कोण? नाना, वरंधच्या वरच्या वाडीतला, वाफेच्या इंजिनाचा ड्रायव्हर. साळवी, तुडीलचा, त्याच्याच मालगाडीवरचा गार्ड. आणि मी, वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून वॅगनची ड्रॉइंगं काढणारा. जन्म गेला रेल्वेत आणि म्हातारपणी राहायला आलो ते रूळ नसलेल्या गावात!

* * *

साळवी चहाचा कप अजूनही दोन्ही हातांनी धरतो. बाकडं जमिनीत पुरलेलं असलं तरी!

त्याचं कारण असं, की जुन्या मालगाडीत दोन वॅगनच्या मधे मुद्दाम ढील ठेवलेली असायची. सगळा भार एकदम ओढणं वाफेच्या इंजिनाला जड जायचं, म्हणून आधी पहिली वॅगन हलायची, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक ठिकाणचा हिसका मागे सरकत, वाढत वाढत शेवटच्या डब्यापर्यंत पोचायचा. आणि शेवटच्या डब्यात कोण? गार्ड!

"मी गाडी उचलली तर कोंबडीचं अंडं फुटायचं नाय!" नाना छाती पुढे काढून सांगायचा.

"अंडं इंजिनात ठेवलं असशील," साळवी म्हणायचा. "मी मागं होतो!"

हा संवाद मी किती वेळा ऐकलाय ते सांगण्याचीही आता ताकद नाही. तरी दर वेळी हसू येतं, हीच पंचाईत आहे.

* * *

वाफेच्या इंजिनात ड्रायव्हर मागे आणि लांबलचक बॉयलर पुढे. समोरचं काही दिसायचं नाही. मग बाजूने मान बाहेर काढायची आणि पुढे बघायचं. धुरातून कोळशाचे कण उडून डोळ्यात जायचे ते वेगळंच. नाना ड्यूटीवरून घरी आला की वहिनी त्याला उंबऱ्यावरच बसवायच्या आणि पदराच्या टोकाने त्याचे डोळे साफ करायच्या. पोरं भुकेली असोत, नाहीतर दारात पाहुणे असोत, आधी डोळे.

नोकरी सुटली, पण नानाची मान काही आत आली नाही. एस.टी.त बसला की खिडकीतून बाहेर! एकदा पोलादपूरच्या वळणावर कंडक्टर ओरडला, "आजोबा, मान आत घ्या!"

"मग म्होरला सिग्नल काय तू बघनार?"



* * *

एका वर्षी वाडीच्या गणपतीला इंजिनाचा देखावा करायचं ठरलं. ड्रॉइंग माझं, मापं साळवीची, देखरेख नानाची. पाऊस होता, म्हणून काम नानाच्या गोठ्यात, म्हशीच्या शेजारी.

आता बघा, रेल्वेत नवी वॅगन बाहेर सोडण्याआधी एका लोखंडी चौकटीखालून काढतात. चौकटीला अडली तर पुढे बोगद्यालाही अडणार. त्या चौकटीची ड्रॉइंगं मी जन्मभर काढली. आणि आमचं प्लायवूडचं इंजिन रंगवून तयार झालं, तेव्हा ते गोठ्याच्या दारातून बाहेर निघेना! धुराडं अडलं.

"धुराडं कापू या," मी म्हणालो.

"कापायचं नाय!" नाना म्हणाला. "आखूड धुराड्यानं भट्टी नीट पेटत नाय."

"अरे, प्लायवूडचं आहे ते!"

"म्हनून काय झाला?"

वहिनी कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "तिघंव रेल्वेतच होतात ना?"

शेवटी गणपतीच गोठ्यात आला. पाच दिवस म्हशीच्या साक्षीने आरती झाली!

वहिनींची पाठ तेव्हाही दुखत होती. आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

* * *

मग कोकणात रेल्वे आली. वीर स्टेशनवर गाडी बघायला नाते गावापासून पोलादपूरपर्यंतची माणसं लोटली. डिझेल इंजिनाला हार, नारळ, सगळं झालं. त्याच सुमारास नानाचं इंजिन भंगारात गेल्याची बातमी आली होती.

नानाने डिझेलला एक चक्कर मारली. "कोलसा नाय, पानी नाय, घाम नाय. ह्याला इंजिन म्हनतात? ह्याच्या मागं मी बसनार नाय. मरेपर्यंत!"

आणि बसला नाही. मुलाकडे मुंबईला जायचं तर खड्ड्यांतून, एस.टी.ने, हाडं खिळखिळी करत. सोबत वहिनी. त्यांना कोण विचारतो?

* * *

शेवटी वहिनींच्या मणक्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन मुंबईला, आणि वाटेत धक्का बसता कामा नये. बसला तर पाय कायमचे जातील.

"जीप करू. खाली दोन गाद्या टाकू," नाना म्हणाला.

साळवीने वाद घातला नाही. पाण्याने भरलेला तांब्या जीपमध्ये ठेवला आणि नानाला घेऊन नुसता महाडपर्यंत आला. टपरीसमोर उतरला आणि तांब्या नानापुढे उपडा केला. थेंब पडला नाही.

तरी नाना हटेना! मला इतका संताप आला, की मी उठून घरी गेलो.

निकाल वहिनींनी लावला. अंथरुणावरून एवढंच म्हणाल्या, "तुमचा इंजिन भंगारात गेला. मी अजून हाय."

* * *

वाडीतून खालच्या रस्त्यापर्यंत डोली, मग बैलगाडीच्या चालीने जीप, असं करत आम्ही वीरला पोचलो. वहिनींना बाकावर निजवलं. साळवी शेजारी बसला, हातात काठोकाठ भरलेला तांब्या. नाना दिसेना. मी दारातून वाकून पाहिलं, तर हा पार पुढे, डिझेलच्या ड्रायव्हरशी बोलत उभा.

"मागं माझी बायको हाय रे. मनका गेलाय तिचा. गाडी जरा सांभाळून उचल."

जन्मात नाना कुणापुढे असा बोलला नव्हता. ड्रायव्हर तरुण होता. त्याने एवढंच विचारलं, "डबा कुठला, काका?"

नाना धापा टाकत परत आला, वहिनींच्या पायाशी बसला आणि डोळे गच्च मिटून हिसक्याची वाट बघत राहिला.

हिसका आलाच नाही. प्लॅटफॉर्मवरचा नळ मागे सरकला, तेव्हा मला कळलं. साळवी तांब्याकडे बघत होता. पाणी जागच्या जागी.

"सुटली काय वो?" वहिनींनी विचारलं.

"सुटली," साळवी म्हणाला.

वहिनींनी नानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा ह्यो बरा चालवतो."

नाना उठला, दारात गेला आणि मान बाहेर काढून पुढे बघत उभा राहिला. बराच वेळ. परत आला तेव्हा दोन्ही डोळे लाल.

"काय झाला?" वहिनींनी विचारलं.

"डोल्यात कोलसा गेला."

साळवीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

वहिनींनी पडल्या पडल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हणाल्या, "या हिकडं."