दोघांनी लपवलेलं कर्ज

नत्थुजींनी आपल्या मुलाला नव्हे, सुनेला फोन केला. अकोटजवळच्या गावात त्यांचं चार एकर शेत होतं, स्वभाव शांत होता आणि फोनवर ते दोन मिनिटांच्या वर कधी बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत.

"सूनबाई, किशोरनं कोनाचे पैसे घेतले काय? सकाळपासून एक मानूस फोन करून राहिला. तुमचं पोरगं चोर आहे म्हनते."

पौर्णिमाच्या हातात ब्लाउजची बाही होती. तिने मशीनवरून पाय काढला. "मले नाई माहीत, मामाजी. विचारते अन् सांगते."

"विचार. पन भांडू नोको," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

पौर्णिमा एकोणतीस वर्षांची होती. अकोल्याच्या जुन्या शहरात साडेतीन हजार भाड्याच्या दोन खोल्या, नवरा किशोर एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये मशीनवर, आणि पहिलीत जाणारी आकांक्षा, असा तिचा संसार. ती घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. त्यातून महिन्याला तीन-साडेतीन हजार यायचे. किशोर पगारातले पंधरा हजार तिच्या हातात ठेवायचा. घर आपणच चालवतो, आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं.

किशोर सहाच्या सुमारास आला. तिने चहा दिला, तो पिऊन होऊ दिला आणि मगच विचारलं. तो आधी म्हणाला राँग नंबर असेल. मग तिने हात पुढे केला आणि फोन मागितला. त्याने तो दिला नाही, पण खोटं बोलणंही त्याला पुढे जमलं नाही.

"आकांक्षाच्या दवाखान्याले घेतले होते. अठरा हजार."

मागच्या ऑक्टोबरात आकांक्षाला डेंग्यू झाला होता. बिल अडतीस हजार आलं. पोस्टातली वीस हजारांची ठेव मोडली होती, उरलेले मिलच्या मालकाने उचल म्हणून दिले, असं किशोरने सांगितलं होतं.

"ते तं मालकानं देल्ले म्हनत होते तुमी."

"मालक नाई म्हनला. तुले कसं सांगू तवा? पोट्टी सलाईनवर होती."

पैसे त्याने मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून घेतले होते. पाच मिनिटांत खात्यावर आले, महिन्याभरात फेडायचे होते. ते फेडायला दुसऱ्या अ‍ॅपमधून घेतले, दुसऱ्याचे फेडायला तिसऱ्यातून. पगार सतरा हजार होता. त्यातले दोन हजार तो दर महिन्याला बायकोला न सांगता तिकडे भरत होता. पाच महिने भरूनही अठराचे तेवीस हजार चारशे झाले होते. आता ते लोक त्याच्या फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना फोन करत होते.

पौर्णिमाला राग आला नाही असं नाही. पण बोलायला तोंड उघडलं आणि तिला स्वतःचं आठवलं. ती खाली बसली.

"मलेबी एक सांगाचं आहे. बचत गटाचं कर्ज पंचवीस नाई, चाळीस आहे. पंधरा हजार मी आईले देल्ले. रिद्धपूरच्या घरावर टिनं टाकाले."

"काहून नाई सांगतलं?"

"तुमी नाई म्हटलं असतं म्हनून."

"मी नाई म्हटलं नसतं."

"आता म्हनता."

आकांक्षा दारात शेजारच्या मुलीबरोबर खेळत होती. शेवटी किशोरनेच तिच्या वहीचं मागचं पान फाडून आणलं आणि म्हणाला, "लिही. सारं लिही."

तिने लिहिलं. मोटरसायकलचा हप्ता दोन हजार नऊशे पन्नास, मोबाइलचा सोळाशे पन्नास, गटाचे दर पंधरा दिवसांनी एक हजार पन्नास. घरभाडं, शाळेची फी, शाळेचा ऑटो, किराणा, गॅस, लाइट, दूध, पेट्रोल. सगळं धरून वीस हजार दोनशे झाले. किशोरचा पुरा पगार आणि तिची शिलाई मिळून येणार साडेवीस हजार. म्हणजे काहीही झालं नाही तर महिन्याला तीनशे रुपये उरत होते, आणि अ‍ॅपवाल्यांचे तेवीस हजार वेगळेच. किशोरने दोनदा बेरीज केली, फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा पार्बताबाईंकडे गेली. पार्बताबाई पन्नाशीच्या, बचत गटाच्या प्रमुख, भाजीचा ठेला चालवणाऱ्या. हप्ता चुकवणाऱ्या बाईच्या दारात जाऊन बसण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एक कर. नवीन कर्ज काढून जुनं फेडू नोको. माह्या पोराचं घर त्यानंच बसलं. अन् फोन करनाऱ्याईची पोलिसात तक्रार कर, भेऊ नोको."

दोघं नवरा-बायको तक्रार द्यायला गेले. ठाण्यातल्या पोलीस बाईने तक्रार लिहून घेतली, फोनमधले अ‍ॅप कसे बंद करायचे ते दाखवलं, आणि जे खरं देणं आहे ते पावती घेऊनच भरा असं बजावलं. फोन आठ-दहा दिवसांत कमी झाले. पण देणं होतंच.

मोटरसायकल विकायची गोष्ट पौर्णिमाने काढली नाही. तिला ते सुचलं होतं, पण ती गाडी किशोरने आयुष्यात पहिल्यांदा नवी कोरी घेतलेली वस्तू होती. रविवारी तो ती धुवायचा तेव्हा कोणाला हात लावू देत नसे. चार दिवसांनी तोच म्हणाला, "देवीदास गाडी घेतो म्हनते. पंचेचाळीस देते." देवीदास मिलमध्ये त्याच्याच पाळीला होता. गाडीवरचं फायनान्स कंपनीचं उरलेलं कर्ज साडेसव्वीस हजार भरून, कागद देवीदासच्या नावावर करून साडेअठरा हजार हातात आले. ते सगळे अ‍ॅपच्या देण्यात गेले. हप्ता वाचला, पेट्रोल वाचलं, त्यातून उरलेले पाच हजारही पुढच्या दोन महिन्यांत फिटले.

किशोरने बाराशेला जुनी सायकल घेतली. मिल सात-आठ किलोमीटर. मार्च-एप्रिलमधलं अकोल्याचं ऊन काय असतं ते त्याला नव्याने कळलं. देवीदास रोज त्याच गाडीवर त्याच्या पुढून जायचा आणि मागे बस म्हणायचा. पहिले काही आठवडे किशोर बसला नाही. नंतर बसू लागला.

किराण्याचं पौर्णिमाने वेगळंच केलं. खुशालरावांच्या दुकानात महिन्याचं खातं होतं. त्यांना तिने सांगितलं, मागचं सगळं देते, पण आता दर आठवड्याला रोख नेईन. खुशालरावांना ते फारसं आवडलं नाही. "वहिनी, खात्यावर न्याले काय झालं? मी कधी तगादा लावला काय?" तगादा लावला नव्हता हे खरंच होतं. पण रोखीने घ्यायला लागल्यावर महिन्याला बारा-तेराशे कमी लागू लागले, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. मुलीसाठी बिस्किटाचे पुडे, सोनपापडी, वासाचा साबण, हे खात्यावर कधी चढायचं ते कळतच नव्हतं. डाळ किशोर मिलमधून फुटकी आणायचा, निम्म्या भावात. वरण तसंच व्हायचं.

आकांक्षाला इंग्रजी शाळेतून काढून महापालिकेच्या शाळेत घालावं, असं किशोरचं म्हणणं होतं. पौर्णिमा ऐकायला तयार नव्हती. त्यावर दोघांचा दोन दिवस अबोला होता. शेवटी फी ठेवायची आणि ऑटो बंद करायचा असं ठरलं. मोर्णा नदीचा पूल ओलांडून शाळा पाऊण तास चालत. पोरगी पहिल्या आठवड्यात रडली. पौर्णिमा तिला रोज पोचवायला-आणायला जाऊ लागली आणि वाटेतल्या एका साडीच्या दुकानात विचारून तिथलं फॉल-पिकोचं काम घेऊन आली. ते हजार-दीड हजारांचं झालं.

या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट मात्र गावाकडे होती.

किशोरचा धाकटा भाऊ बंडू. त्याचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. जानेवारीत साखरपुड्याच्या दिवशी सगळ्या सोयऱ्यांसमोर किशोर बोलून बसला होता की वरातीचा बँड माझ्याकडून. बँड पंचवीस हजारांचा होता.

"तूच सांग मायले. तुह्यावर ते चिडनार नाई," किशोर म्हणाला.

"बोलले तुमी, सांगाचं तुमीच. मी संगं येते."

एप्रिलमध्ये तिघं एसटीने अकोटला उतरले आणि गावी गेले. सासू सुभद्राबाईंनी ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी केली होती. जेवणं झाली. किशोर दोनदा पाणी प्यायला. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "माय, बँड होत नाई माह्याच्यानं."

सुभद्राबाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या किशोरशी नाही, पौर्णिमाशी बोलल्या. "भर साखरपुड्यात बोलला तो. आता लोकाईले काय सांगू मी?"

पौर्णिमाने काही झाकलं नाही. दवाखाना, अ‍ॅप, गाडी, सगळं सांगितलं आणि शेवटी स्वतःचे पंधरा हजारही. ते सांगितलं नसतं तर चाललं असतं, असं किशोरने नंतर म्हटलं. पण अर्धं सांगायचा तिला कंटाळा आला होता.

"मायच्या टिनाले पैसे होते तुह्यापाशी," सुभद्राबाई म्हणाल्या. "दिराच्या लग्नाले नाई."

"तेबी कर्जच होतं, आत्याबाई. ते फेडून राहिलो म्हनूनच हे होत नाई."

सुभद्राबाई उठून आत गेल्या. नत्थुजी बाजेवर बसून सगळं ऐकत होते. ते बंडूला म्हणाले, "छोटा बँड सांग. वरात काय दोन कोसाची आहे?" बंडूने मान हलवली. तो भावावर रागावला होता की नव्हता, ते कळलं नाही.

लग्न झालं. पौर्णिमाने नव्या नवरीचे अकरा ब्लाउज शिवून दिले, बाह्यांना मणी लावून. चार दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तरी बायकांमध्ये कुजबुज झालीच, मोठ्या भावाने हात वर केले म्हणून. सुभद्राबाई तिच्याशी कामापुरतं बोलत होत्या आणि दिवाळीपर्यंत तेवढंच बोलत राहिल्या. पौर्णिमाला ते लागलं. पण त्यासाठी पंचवीस हजार काढावेत असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

एकदा तिचाही हात सैल सुटला. श्रावणात दारोदार साड्या विकणारी एक बाई आली. चौदाशेची साडी, आठवड्याला दोनशे. मोरपंखी रंग, काठ जरीचा. पौर्णिमाने ती घेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेली तर बाईने घेतली नाही. त्या संध्याकाळी तिने किशोरला सांगितलं. तो हसला. "मंग नेस तरी," म्हणाला. सात आठवडे दोनशे-दोनशे भरले, आणि साडी ती नेसली.

मोबाइलचा हप्ता दिवाळीच्या आधी संपला. गटाचं कर्ज डिसेंबरात. शेवटचा हप्ता भरला त्याच दिवशी वसुलीला येणारा तरुण म्हणाला, ताई, तुमचं खातं एकदम चांगलं आहे, आता ऐंशी हजार मिळतील. पौर्णिमा नको म्हणाली. तो गेला आणि पार्बताबाई आल्या.

"कर्जाले पाच बाया लागतात. तू निघाली तं आमच्या चौघींचं अडते. मले ठेल्याले पैसे पाह्यजे. नावाले घे, अन् मले दे. हप्ता मी भरते."

अडचणीच्या दिवशी पौर्णिमा याच बाईच्या दारात गेली होती.

"तुमीच मले सांगतलं होतं, काकू, नवीन काढू नोको म्हनून."

"ते तुले सांगतलं. माह्यं वेगळं आहे."

"तुमचा हप्ता तुमी भरसानच. पन नाव माह्यं राहीन. मले नाई जमत."

पार्बताबाई निघून गेल्या. पंधरा दिवसांनी पलीकडच्या गल्लीतली एक बाई गटात आली आणि त्यांचं काम झालं. भाजी घ्यायला पौर्णिमा त्यांच्याच ठेल्यावर जाते. आधीसारखी कोथिंबीर वरून मिळत नाही.

फेब्रुवारीत डाळमिल बंद पडली. मोठं मशीन बिघडलं, सुटे भाग बाहेरून यायचे होते, आणि मालकाने सांगितलं की बंद दिवसांचा पगार मिळणार नाही. बावीस दिवस. मागच्या वर्षी असं झालं असतं तर किशोरचा हात पहिला फोनकडे गेला असता. आता पोस्टाच्या खात्यात नऊ हजार सहाशे होते. जानेवारीपासून हप्ता नावाची गोष्ट राहिली नव्हती, आणि सुटलेले सगळे पैसे पौर्णिमा महिन्याच्या एक तारखेलाच तिकडे टाकत होती, उरले तर टाकू म्हणून थांबत नव्हती.

ते बावीस दिवस किशोर आकांक्षाला शाळेत सोडायला गेला. दुपारी पौर्णिमाला ब्लाउजचे हुक लावून दिले, वाकडे लागले म्हणून तिने ते उसवले आणि त्याला फक्त इस्त्रीचं काम दिलं. दोनदा चून-भाकरीवर भागवलं, गॅसचं सिलिंडर चार दिवस ताणलं, शाळेची फी वेळेवर भरली. पोस्टातले पैसे खाली येत येत अकराशे पन्नासवर आले.

तेविसाव्या दिवशी मिलमधून निरोप आला की पाळी सुरू झाली आहे. किशोर सायकल काढून निघाला. पौर्णिमाने डबा दिला, त्याच्यामागे दार लोटलं आणि दुकानातून आलेल्या साड्यांचा गठ्ठा सोडला. संध्याकाळपर्यंत नऊ साड्यांना फॉल लावायचा होता.