सिग्नीच्या नळीतली हवा

आमच्या स्कार्वोया बेटावरच्या छोट्या इस्पितळात नर्स गुनवोरला सगळे ‘सावकाश बाई’ म्हणत. सलाइनची नळी भरायला तिला आमच्या दुप्पट वेळ लागे. पिशवीत नळी खुपसण्याआधी चिमटा बंद आहे ना ते बघणार, वरची पारदर्शक कुपी दाबून अर्धी भरणार, मग चिमटा जरासा सैल करून पाणी अगदी हळू खाली सोडणार. वाटेतला प्रत्येक जोड उलटा धरून टिचकी मारणार.

“नवरी नटवतेयस का गं?” मी चिडवायचे.

“घाई केली की पाणी उसळतं आणि हवा ओढतं, बेरित. मग बस तू बुडबुडे मोजत.”

नवऱ्याने, टोरगेरने, तिला सोडून शेजारच्या सिग्नीशी घर मांडलं तेव्हा तिची मुलं शाळेत होती. गुनवोर रडली असेल तर ते कुणी पाहिलं नाही. पण बेट एवढंसं. सिग्नी दुकानात शिरली की गुनवोर अर्धी खरेदी टाकून बाहेर पडायची.

आणि फेब्रुवारीतल्या त्या वादळात टोरगेर सिग्नीलाच उचलून आमच्या दारात आला. मासे साफ करताना तळहाताला सुरी लागली होती, त्या जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. रक्तदाब ढासळत होता. हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं, आणि कामावर होतो आम्ही तिघं: डॉक्टर ट्रुल्स, गुनवोर आणि मी.

सिग्नीने डोळे उघडले. “तू?”

“मीच,” गुनवोर म्हणाली. “हात सरळ ठेव.”

रक्तदाब धरून ठेवणारं औषध सलाइनच्या पिशवीत मिसळून पंपातून सुरू झालं. ट्रुल्सने आम्हाला बाजूला घेतलं. “हिच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. दुसऱ्या कुणाला बारीकसा बुडबुडा गेला तर बहुधा निभावतं. हिचा थेट मेंदूत जाऊ शकतो. हवा आत जाता कामा नये.”

पहिली पिशवी संपत आली. कपाटातला साठा वादळात संपला होता. बोट त्याच सकाळी कशीबशी लागली होती आणि नव्या पिशव्यांची खोकी धक्क्यावर थंडीत पडून होती, तीच आणली. गुनवोरने नेहमीसारखीच नळी भरली. काचेसारखी स्वच्छ. मी स्वतः पाहिली. पण थोड्याच वेळात पंप किंचाळला: नळीत हवा. पंप आपोआप थांबला आणि यंत्राच्या पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा घसरू लागला.

गुनवोरने रुग्णाकडची बाजू बंद केली, टिचक्या मारत बुडबुडे कुपीपर्यंत वर चढवले, पंप सुरू केला. आकडा जेमतेम सावरला, तोच परत किंकाळी.

“माझी नळी स्वच्छ होती,” ती पुटपुटली. मग तिने पिशवीला हात लावला. “ट्रुल्स, हात लाव. बर्फ आहे नुसता! गार पाण्यातली हवा खोलीच्या उबेत बाहेर पडतेय.”

“मग कितीही भरलीस तरी बुडबुडे येत राहणार,” ट्रुल्स म्हणाला. “दुसरी पिशवी उबदार करा. मी दुसरा पंप आणतो.”

गुनवोरने वेष्टनातली छोटी पिशवी माझ्याकडे फेकली. “स्वेटरच्या आत, पोटाशी धर.”

मी धरली. श्वासच अडकला. पंप ओरडायचा, ती टिचक्या मारायची, सिग्नीचे ओठ करडे पडायचे. दारातून टोरगेर ओरडला, “दाब ना ते पंपाचं बटण! मुद्दाम वेळ काढतेयस तू! तिला मारायचंय तुला!”

गुनवोरचे कान लाल झाले. नळीवरची नजर मात्र हलली नाही.

“टोरगेर, बाहेर!” ट्रुल्स गरजला.

पिशवी कोमट झाली. ट्रुल्सने तीत औषध मिसळलं. गुनवोरने नवी नळी भरायला घेतली, आणि तेव्हा सिग्नीचा रक्तदाब सगळ्यात खाली होता.

“गुनवोर, किती वेळ?” ट्रुल्सच्या कपाळावर घाम होता.

“बोलू नकोस माझ्याशी.”

पाणी मुंगीच्या पावलाने उतरत होतं. शेवटच्या जोडात टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा अडकला होता. मला वाटलं, सोडेल आता. तिने जोड उलटा केला, टिचकी मारली. हलेना. पुन्हा मारली. मग तो सुटला आणि वर गेला. तिने नळी उजेडात धरून टोकापासून टोकापर्यंत बघितली, दुसऱ्या पंपात बसवली, जोडली. नवं औषध पोहोचून आकडा चढू लागल्यावरच तिने जुना पंप बंद केला.

या पंपाने तोंड उघडलं नाही. दुपारी वारा पडला आणि हेलिकॉप्टर सिग्नीला बुदो शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेलं. गुनवोर भांडारात गेली, उलट्या खोक्यावर बसली. मी कॉफीचा कप तिच्या हातात दिला.

“त्याचं ते बोलणं...” मी सुरुवात केली.

“खरं सांगू? एक क्षण मलाच माझी भीती वाटली,” ती म्हणाली. “म्हणून आणखी सावकाश केलं.”

सिग्नी वाचली, पण रक्त पोहोचलं नाही म्हणून पायाची दोन बोटं गेली. वसंतात ती घरी आली तेव्हा पट्टी बदलायला कुणी जायचं, हा प्रश्न निघाला. गुनवोर म्हणाली, “मी जाते. टोरगेरची बोट बाहेर असेल तेव्हा.”

टोरगेरने माफी कधी मागितली नाही. पण जखम भरून आल्यावरही गुनवोरची सायकल अधूनमधून सिग्नीच्या कुंपणाला टेकलेली दिसते, आणि आत दोघी काय बोलतात ते बेटावर कुणालाच माहीत नाही.