रेसवाल्यांचं टेबल

इथे हिंदी मुलखात, आमच्या बोट क्लबात दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी शिडाच्या होड्यांची शर्यत असते आणि दुपारी सगळ्या सभासद कुटुंबांचं जेवण. सहा वर्षं त्या जेवणाच्या पुरणपोळ्या मी केल्या. मराठी घरातली म्हणून ते काम माझं, हे कुणी ठरवलं ते मला आजही ठाऊक नाही.

गेल्या वर्षी मी सेक्रेटरीसाहेबांना आठवडाभर आधीच सांगितलं, "इस बार पूरनपोली नहीं होगी, भैया. मैं रेस में हूँ."

ते हसले. त्यांना ती गंमत वाटली. पण शाळेतली नोकरी सांभाळून, सत्तेचाळिसाव्या वर्षी मी होडी चालवायला शिकले होते. रिछाईच्या कारखान्यात नोकरी करणारा माझा नवरा पाण्याला भितो. तो दर रविवारी मला काठावर सोडून गाडीत पेपर वाचत बसायचा.

शर्यतीत सात होड्या होत्या. पाण्यावर तरंगणाऱ्या दुसऱ्या बोयाला मी घाईनं वळले, वारा हातचा गेला आणि मी पाचवी आले. कमरेपर्यंत भिजलेली.

हॉलमध्ये खिडकीपाशी एक लांब टेबल लागतं. तिथे शर्यतीतले पुरुष बसतात आणि बायका त्यांना वाढून मग पलीकडे जेवतात. मी ताट घेऊन त्या टेबलाकडे गेले.

"दीदी, लेडीज़ का इंतज़ाम उधर है," सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

"ये टेबल किसका है?"

"रेस वालों का." मग त्यांच्या लक्षात आलं. "मतलब, जीतने वालों का."

सहावा आणि सातवा आधीच बसले होते. सातव्यानं तर गुलाबजामसुद्धा घेतला होता.

"इन दोनों ने कौन सी रेस जीती?" मी विचारलं.

एवढ्यात नवरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "काहून तमाशा करून राहिलीस? घरी बोलू."

"मी जेवून राहिले," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. ताट समोर ठेवलं.

डाळीचं भांडं कुणी पुढे सरकवेना, तेव्हा मी वाकून स्वतःच घेतलं. मग सहावा, एक रिटायर्ड फौजी, म्हणाला, "दूसरे बोया पर इतनी जल्दी क्यों मुड़ीं आप?"

त्या दिवशी होडीबद्दल मला कुणी विचारलेलं ते पहिलंच. "गलती हुई," मी म्हटलं, आणि कशी ते सांगत बसले. तेवढ्यात सेक्रेटरीसाहेबांची बायको पुऱ्यांची परात खाली ठेवून, ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. "भूख लगी है," एवढंच म्हणाली. साहेब स्वतःच्या पुऱ्या आणायला स्वतः उठले.

परतताना गाडी सदर बाजारापाशी आली. तेव्हा नवरा म्हणाला, "तो फौजी काय विचारत होता?" मी घर येईपर्यंत वाऱ्याचं सगळं गणित समजावलं. त्याला अर्धं कळलं असेल.

यंदा क्लबानं वाढायला माणसं ठेवली आहेत. तीनचार बायका माझ्याशी अजून बोलत नाहीत. मी चालरीत मोडली म्हणतात. मोडलीच आहे. यंदा मी सहावी आले, आणि त्याच टेबलावर जेवले.