बिल्टीची मलमपट्टी

गोडाऊनमध्ये नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, टेबलावरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. वाडीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये मी क्लार्क आहे. औषधाचा डबा माझ्या टेबलावर असतो, म्हणून गोडाऊनमधली कुत्री माझ्या गळ्यात पडली. तिचं नाव बिल्टी. मालासोबतच्या कागदाला बिल्टी म्हणतात, आणि हीसुद्धा प्रत्येक ट्रकमागे असते.

*

पहिल्यांदा पत्रा लागून तिचा पुढचा पाय कापला. मी कोमट मिठाचं पाणी घेऊन येईपर्यंत आमच्या हमालांचे मुकादम दामूभाऊ जखमेवर ग्रीस थापून मोकळे!

"ग्रीस काहून लावलं, दामूभाऊ?"

"बेअरिंगले चालते, मंग हिले काहून नाही चालणार?"

ते पुसून काढायला मला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात बिल्टीने ठरवून टाकलं की दुखवणारा तो मी. ग्रीसवाले दामूभाऊ मात्र तिचे लाडकेच राहिले.

*

मी पट्टी बांधली, तिने दहा मिनिटांत चावून काढली. दुसरी बांधली, तीही गेली. मग दामूभाऊंनी वरून पॅकिंगची टेप गुंडाळली आणि 'नाजूक माल' असं स्टिकर चिकटवलं. साहेब राउंडवर आले.

"हिले कुठं डिस्पॅच करून राहिले?"

टेप घट्ट झाली होती. तीही मीच कापली, गुरगुरणंही मीच ऐकलं.

*

चाटू नये म्हणून खोक्याचा पुठ्ठा कापून तिच्या गळ्यात कॉलर घातली. खाली वाकता येईना, म्हणून हमाल तिला हाताने भरवू लागले. जखम पाच दिवसांत बरी झाली. कॉलर काढली, तर बाईसाहेब आठवडाभर ताटलीसमोर तोंड उघडून बसायच्या.

*

मी सुट्टीवर असताना तिला पुन्हा खरचटलं. दामूभाऊंना फोनवर समजावलं, "लाल औषध पाण्यात टाका. कोऱ्या चहासारखा रंग आला की पुरे."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "बाबूजी, चहा कोनता? टपरीचा का आपल्या ऑफिसातला?"

*

खरं सांगतो, थकलो. लसी मी टोचून आणतो, दूधपोळी मी आणतो, आणि सकाळी मी फाटकातून आत आलो की ही शेपूट घालून ट्रकखाली जाते. डब्याचं झाकण वाजलं की पसार. एकदा जखम खोल होती म्हणून डॉक्टरांकडे नेलं. तिने डॉक्टरांचे हात चाटले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एकदा तरी आपणहून जवळ यावं, एवढंच वाटायचं.

*

गेल्या आठवड्यात पेटीची लोखंडी पट्टी कापताना माझाच अंगठा कापला. नळाखाली धुतला, खुर्चीवर बसलो, डाव्या हाताने डबा उघडला. झाकण वाजलं.

बिल्टी ट्रकखालून निघाली. मला वाटलं, चालली फाटकाबाहेर. ती सरळ माझ्याकडे आली, समोर बसली, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि पुढचा पाय माझ्या गुडघ्यावर ठेवला.

मी पाय तपासला. पंजा बघितला, बोटांच्या मधे बघितलं. बाकीचे तीन पायही बघितले.

"हिले काय झालं, दामूभाऊ?"

"काही तं नाही झालं."

ती पाय काढीना. मी माझ्या अंगठ्याला पट्टी बांधली आणि उरलेली तिच्या पायाला.

संध्याकाळी मी घरी निघालो तेव्हाही ती पट्टी जशीच्या तशी होती.